नवरीच्या शेजारची जागा

नवरीच्या, अपेक्षाच्या, डाव्या डोळ्यावर बसलेली कॅमेऱ्यातली फोकसची चौकट महेश्वरीनं बटण अर्धं दाबताच उडाली आणि मांडवाच्या पार मागं, पाण्याच्या टाकीजवळ उभ्या असलेल्या बायकांमध्ये जाऊन स्थिरावली. समोर पाटावर बसलेली नवरी, तिच्या गालाकडं निघालेले हळदीचे हात, कपाळावर चिकटलेले ओले केस, सगळं पुसट झालं आणि टाकीची पितळी तोटी मात्र स्वच्छ दिसायला लागली. महेश्वरीनं बटण सोडलं, पुन्हा दाबलं. चौकट नवरीवर आली, क्षणभर थांबली आणि पुन्हा मागं गेली. मांडवाचं कापड जांभळं होतं. त्या उजेडात चौकटही तिला जांभळट भासली.

"काढ की गं पोरी," नवरीची आत्या बायनाबाई हात तसेच धरून म्हणाली. "हळद वाळायली हातावर."

"काढलाय आत्याबाई. अजून एक."

काढलेला नव्हता. महेश्वरीनं लेन्सच्या कड्यावर बोटं ठेवली आणि हातानं फोकस करायला सुरुवात केली. अप्पांनी तिला शिकवलं होतं तसं, श्वास अर्धा सोडून. पण हळदीचे हात थांबत नाहीत आणि नवरी हसल्याशिवाय राहत नाही. तिसरा फोटो नीट आला, चौथा हुकला. पाचव्यात नवरीऐवजी करवलीची वेणी नीट आली. ती घाबरली नाही. हाताखालचं काम बिघडायला लागलं की तिचे हात उलट संथ होत. ती फक्त मनात मोजत होती, किती गेले.

हे काम तिच्याकडं आपोआप आलेलं नव्हतं. अपेक्षाचे वडील बन्सीधर यांचं सोनपेठच्या बाजारपेठेत कापडाचं दुकान. त्यांच्या स्वतःच्या लग्नाचे फोटो महेश्वरीच्या वडिलांनी, मन्मथअप्पांनी काढलेले. गेल्या दिवाळीत अप्पांनी अपेक्षाच्याही लग्नाचा शब्द दिला आणि माघात ते गेले. बन्सीधरांच्या भावाचं म्हणणं होतं की आता परभणीहून ड्रोनवाला माणूस आणावा. बन्सीधर म्हणाले, अप्पाची पोरगी हाय ना, तिला करू द्या. म्हणजे उद्या लग्नाचे फोटो बिघडले तर अप्पांच्या दुकानाची पाटी उतरणार होती आणि बन्सीधरांना स्वतःच्याच घरात खाली बघावं लागणार होतं.

हळद आटोपली. महेश्वरी बालाजीच्या गाडीत सामान ठेवत होती. बालाजी पंधरा वर्षं अप्पांबरोबर व्हिडिओचं काम करत आलेला. तोंडानं फटकळ, पण हाताचा स्वच्छ. त्यानं कॅमेऱ्याच्या कोपऱ्यावरचा ओरखडा अंगठ्यानं चोळला.

"ताई, मी तवाच म्हणलो होतो. चारठाण्याला पडल्यापासून ह्याचं काई खरं न्हाई."

आश्विनात चारठाण्याच्या देवळाजवळ एका जोडप्याचे फोटो काढताना अप्पांची पायरी चुकली होती. स्वतः पडता पडता सावरले, कॅमेरा दगडावर आपटला. अप्पांनी दोष चपलेला दिला होता.

"पडल्यानंतर अप्पांनी ह्याच कॅमेऱ्यावर सहा लग्नं केली," महेश्वरी म्हणाली. "एक फोटो हललेला नाही. मी बसले होते कॉम्प्युटरवर, मला माहीत आहे."

"तवाचं तवा. आज काय झालं ते बगितलं न्हव मी?" त्यानं डिकी बंद केली. परभणीतल्या त्याच्या साडूकडं चांगला कॅमेरा होता. संध्याकाळपर्यंत तो मागवता येईल, उद्या फोटो आपण काढू, ताईंनी व्हिडिओ धरावा, असं त्यानं सुचवलं. बोलताना तो तिच्याकडं बघत नव्हता, गाडीच्या टायरकडं बघत होता. "न्हाईतर मग रिसेट मारा. मोबाइल अडकल्यावर मारताव तसं. आतलं सगळं उडवायचं आन् नव्यानं चालू करायचं."

"पाच वाजता सांगते."

आई आधीच पुढच्या सीटवर बसली होती. मांडीवर पिनांचा डबा. बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा, त्यात पिना, टाचण्या, सुई-दोरा, टिकल्यांची पाकिटं, पावडरीची पुडी. अप्पांच्या कामावर आई, उमादेवी, नेहमी सोबत असायच्या. नवरीचा पदर सरकला, हार फिरला, मुंडावळी कानामागं गेली तर फोटोवाल्यानं हात लावायचा नसतो. ते काम त्यांचं. आज महेश्वरीनं आग्रह करून त्यांना आणलं होतं. डबा उघडलेला दिसत नव्हता.

"आई, ऊन लागलं का?"

"न्हाई."

एवढंच बोलणं झालं आणि गाडी निघाली.

दुकानात आल्यावर महेश्वरीनं शटर अर्धं ओढलं. आठवडी बाजार होता. बाहेर टोमॅटोवाला एकाच सुरात ओरडत होता आणि एसटी स्टँडकडं जाणाऱ्या गाड्या हॉर्न देत होत्या. आत काउंटरच्या वर अप्पांचा फोटो होता, कपाळावर विभूतीच्या तीन रेघा, गळ्यात लिंग. तो फोटो महेश्वरीनंच काढलेला, याच कॅमेऱ्यानं.

तिनं रिसेट मारला नाही. तो सगळ्यांत शेवटचा उपाय, असं तिचं मत होतं. काय बिघडलं ते न शोधता सगळं पुसून टाकणं म्हणजे आजाराचं नाव न विचारता माणूस बदलणं. तिनं लेन्स काढली, तिला कॅमेऱ्याशी जोडणारे मागचे पितळी टिपके कोरड्या कापडानं पुसले. भिंतीवरच्या कॅलेंडरच्या आकड्यांवर वीस फोटो काढले. वीसच्या वीस स्वच्छ. दुसरी लेन्स लावली. तीच गत. चहाची ऑर्डर द्यायला बाहेर गेलेला बालाजी परत आल्यावर त्याला स्टुलावर बसवलं, मान हलवायला सांगितली, उठून दारापर्यंत चालत जायला लावलं. चौकट त्याच्या डोळ्यावर माशी बसावी तशी बसून राहिली. तो दाराबाहेर गेला, परत आत आला, तरी तिनं त्याला सोडलं नाही.

"आता कसा सरळ वागायलाय," बालाजी म्हणाला. "जत्रेतल्या बैलागत. गिऱ्हाईक आलं की लंगडायचं."

"यंत्राला गिऱ्हाईक कळत नसतं, बालाजीदादा."

तो निघून गेला. गेले तीन महिने याच कॅमेऱ्यानं तिनं पासपोर्टचे फोटो काढले होते, बारशातली बाळं काढली होती, शाळेच्या ओळखपत्रांसाठी एका दिवसात तीनशे मुलं काढली होती. हलणारी, जिभा दाखवणारी, एकमेकांना ढकलणारी. एकही चुकली नव्हती. चारठाण्याच्या दगडानं काही बिघडवलं असतं तर ते तीनशे मुलांत दिसलं असतं. म्हणजे दोष यंत्रात नव्हता. आज मांडवात असं काहीतरी होतं जे शाळेत नव्हतं.

तिनं हळदीचे फोटो कॉम्प्युटरवर उघडले. नवरी पुसट झाली होती त्या फोटोंवर तिची बोटं सवयीनं पुसायच्या बटणाकडं गेली आणि थांबली. बिघडलेला फोटो फेकायच्या आधी अप्पा त्याच्याकडं जरा वेळ बघत. नवरी दिसत नाही हे तर दिसलंच, म्हणत, पण मग दिसतंय काय?

पहिल्या फोटोत टाकीची तोटी दिसत होती. तोटीच्या शेजारी, पदर डोक्यावरून पुढं ओढून, आई उभी होती. तिची प्रत्येक पापणी मोजता आली असती.

दुसऱ्या फोटोत नवरी पुसट, मागं स्वयंपाकघराच्या दारात आई. तिसऱ्यात लिंबाच्या बुंध्याआडून तिचा अर्धा चेहरा. फोटो एकामागून एक पुढं सरकत गेले. जिथं आई कुणाच्या तरी मागं पूर्ण झाकली गेली होती, तिथं नवरी स्वच्छ होती. जिथं आईचा चेहरा मोकळा झाला होता, तिथं नवरी गेली होती. दीडशे लोकांचा मांडव, आणि कॅमेऱ्यानं दिवसभर एकच माणूस धरला होता.

महेश्वरी खुर्चीत मागं टेकली. मग तिनं दुसरी हार्ड डिस्क लावली. तिच्यात अप्पांच्या शेवटच्या दोन वर्षांच्या लग्नांचे मूळ फोटो होते, अल्बम बनायच्या आधीचे, न कापलेले.

ते तिनं पूर्वी पाहिलेले होतेच. पाहिले कसले, एकेक हातातून गेला होता. अप्पा फोटो काढायचे आणि अल्बम ती करायची. आणि या दोन वर्षांत तिची एकच तक्रार असायची. आई फोटोत येते. नवरीच्या उजव्या खांद्याशी नाहीतर डाव्या खांद्याशी, कडेला, कधी अर्धी, कधी पूर्ण, पिनांचा डबा हातात घेऊन, सरळ कॅमेऱ्याकडं बघत. इतकी वर्षं लग्नात वावरलेल्या बाईला फोटोतून बाजूला व्हायचं कळू नये, याचा तिला राग यायचा. एकदा ती तसं म्हणालीही होती.

"अप्पा, तुम्ही तरी सांगा ना तिला. प्रत्येक फोटोत मला कापावं लागतं."

अप्पा खिडकीजवळ बसून चष्मा पुसत होते. म्हणाले, "काप. जागा सोडूनच काढतो मी."

तिनं कापलं होतं. सहाशे, सातशे, कदाचित हजार फोटो. एका बोटानं रेघ ओढायची, आई बाहेर, नवरी आत. नंतर नंतर तर बघावंही लागत नव्हतं, हात आपोआप रेघ ओढायचा.

आता तिनं ते फोटो मोठे करून पाहिले. अपवाद नव्हता. प्रत्येकात सगळ्यांत स्वच्छ होती आई. नवरी तिच्याइतकीच स्वच्छ, कारण ती तिच्या ओळीत होती, खांद्याला खांदा, ना पुढं ना मागं.

महेश्वरीनं कॅमेरा उचलला आणि मेनू उघडला. पानामागून पान, अप्पांनी काय काय बदलून ठेवलंय ते वाचत गेली. तिसऱ्या पानावर एक जागा होती जिथं ती कधी गेली नव्हती. ओळखीचे चेहरे. घरातल्या माणसांचे चेहरे कॅमेऱ्याला एकदा दाखवून ठेवले की गर्दीत तो त्यांनाच आधी शोधतो आणि त्यांची चौकट जांभळी होते. आठ चेहऱ्यांची सोय होती. सात खण रिकामे होते. पहिल्यात बोटाच्या पेराएवढं आईचं चित्र होतं. दारात उभी, तोंडावर ऊन, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, आणि हसू दाबल्यामुळं एका बाजूला वाकडे झालेले ओठ.

शटरखालून वाकून उमादेवी आत आल्या. हातात चहाचा थर्मास. घर मागच्याच गल्लीत होतं.

"काय बघायलीस एवढं?"

महेश्वरीनं कॅमेरा त्यांच्यापुढं धरला. उमादेवींनी चष्म्याची काच पदरानं पुसली, वाकल्या, आणि बराच वेळ वाकलेल्याच राहिल्या.

"ह्याच्यात हाय होय हा," त्या म्हणाल्या. "मला वाटलं धुतलाच न्हाई."

"कधी काढला होता?"

"दोन सालं झाली. दारात उभं केलं. सरळ बघ म्हणले, हलू नको, हसू नको. मी म्हणलं, ह्या वयात कशाला माझा फोटो. तर म्हणले, कामाला लागतोय." त्यांनी थर्मासचं झाकण फिरवायला घेतलं. "चार-पाच बार इचारलं, दाखवा म्हणून. दाखवतो म्हणले."

"हा कागदावर काढता येत नाही, आई. बाहेरही काढता येत नाही. कॅमेऱ्यातच राहतो. ओळखीसाठी असतो."

"कुणाच्या ओळखीसाठी?"

महेश्वरीनं उत्तर द्यायच्या आधी कॉम्प्युटरचा पडदा त्यांच्याकडं वळवला. एक फोटो, दुसरा, तिसरा. उमादेवी चहा ओतत होत्या, तो बशीत सांडला.

"नवरीच्या शेजारी तू कशाला उभी राहायचीस? खरं सांग."

"तेच सांगायचे. नवरीच्या खांद्याला खांदा लाव. पुढं न्हाई, मागं न्हाई. तोंड माझ्याकडं ठेव." त्या थांबल्या. मग आपल्या नेहमीच्या आवाजात, भाजीचा भाव सांगावा तशा म्हणाल्या, "त्यायला दिसत नव्हतं."

बाहेर टोमॅटोवाल्यानं भाव उतरवला होता.

साखरेनं डोळ्याच्या पडद्यावर मधोमध डाग पडला होता, त्या सांगत गेल्या. परभणीच्या डॉक्टरनं सुया दिल्या, थोडं थांबलं, पण गेलेलं आलं नाही. कडेचं दिसायचं. रस्ता दिसायचा, दार दिसायचं. ज्याच्याकडं बघावं तेच नेमकं जायचं. नवरीकडं बघितलं की नवरी जायची.

"मला का नाही सांगितलं?"

"तूच कॅमेरा आणायला लावला होता. नवा. त्यायला आधी नको होता. म्हणायचे, यंत्र बघणार आसंल तर मी कशाला?" उमादेवींना जरासं हसू आलं. "मग म्हणाले, पोरीला कळलं तर ती हातातून काढून घेईल. बरोबरच हाय तिचं. पण अजून थोडे दिस करू दे."

महेश्वरीनं चहा घेतला. आपण तो काढून घेतला असता का, याचा विचार तिनं प्रामाणिकपणे केला. घेतला असता. त्याच दिवशी. आणि ज्या दोन वर्षांत ती बालाजीला अभिमानानं सांगत होती की साठी उलटल्यावर अप्पा नवं यंत्र कसं शिकले बघा, त्या दोन वर्षांत अप्पांना व्ह्यूफाइंडरमध्ये एवढंच दिसत होतं, एक जांभळी चौकट. ती कुणावर बसली आहे हे त्यांना बघावं लागत नव्हतं. बसली की दाबायचं.

"मग आज मागं का गेलीस?" ती म्हणाली. "मी तुला नवरीजवळ सोडलं होतं."

उमादेवींनी सांडलेला चहा बशीतून कपात ओतला.

"हळदीला मी कशाला पुढं?"

"कुणी काही बोललं?"

"बोलायची येळ कशाला आणावी?"

"आई, आपल्यात हे मानत नाहीत. अप्पा तर..."

"आपल्यात न्हाई मानत," उमादेवी म्हणाल्या. "लग्न त्यांच्यात हाय."

महेश्वरीनं पुन्हा कॅमेऱ्यातलं ते बारकं चित्र पाहिलं आणि समोर बसलेल्या आईकडं पाहिलं. कुंकू गेलं होतं, गाल आत गेले होते, पदर डोक्यावरून पुढं आला होता. कॅमेऱ्याला त्यानं फरक पडलेला नव्हता. टाकीजवळच्या बायकांतूनही त्यानं तिला काढलं होतं.

पाच वाजता बालाजीचा फोन आला. साडूचा कॅमेरा घेऊन कुणीतरी सहाच्या एसटीनं निघणार होतं, पाठवायला सांगू का?

"नको," महेश्वरी म्हणाली. "दोष सापडला. कॅमेऱ्याचा नव्हता, एक बटण चालू राहिलं होतं. बंद केलंय."

"पक्कं ना ताई? उद्या अक्षता दुसऱ्यांदा पडणार न्हाईत."

"पक्कं."

आणि ते पक्कंच होतं. ओळखीच्या चेहऱ्याला आधी धरायचं की नाही, यासाठी वेगळं बटण होतं. ते तिनं बंद केलं होतं. चित्र पुसलं नव्हतं. रिसेट मारला असता तर ते गेलं असतं, आणि कुणाला कधी कळलंही नसतं की काय गेलं.

दुसऱ्या दिवशी परळी रस्त्यावरच्या मंगल कार्यालयात साडेअकरापासून कॅमेरा सरळ वागत होता. सीमांतपूजन झालं, नवरदेव आला, मामानं अपेक्षाला आणलं. चौकट पांढरी, जिथं हवी तिथं. महेश्वरी अप्पांच्या जागी, बोहल्याच्या डाव्या बाजूला उभी होती आणि तिच्या हातांना ती जागा परकी वाटत नव्हती. समोरून बालाजीनं व्हिडिओ घेता घेता मान हलवली. बन्सीधर एकदा येऊन तिच्या मागं उभे राहिले, कॅमेऱ्याच्या पडद्यावर लेकीचा चेहरा बघितला आणि निघून गेले. त्यांचा भाऊ ड्रोनचा विषय काढत नव्हता.

म्हणजे काम होत होतं. असंच दिवसभर होत राहिलं असतं आणि अल्बम चांगला झाला असता.

अंतरपाट धरायच्या जरा आधी अपेक्षाच्या शालूची खांद्यावरची पिन सुटली. जरीचा जड पदर सरकला. करवली पिन शोधायला लागली, तिच्या बोटाला टोचली, दुसरी मुलगी पर्समध्ये हात घालून उकरत बसली. महेश्वरीनं सवयीनं आईकडं बघितलं.

उमादेवी मागून तिसऱ्या ओळीत, खांबाला लागून असलेल्या खुर्चीवर होत्या. त्यांनी डबा उघडला होता. एक पिन काढून ओठांत धरली होती, दोन्ही हात पदर चापायला मोकळे राहावेत म्हणून त्या नेहमी धरायच्या तशी. खुर्चीतून अर्ध्या उठल्या. मग पुन्हा बसल्या. ओठांतली पिन काढली, बंद केली, डब्यात ठेवली आणि डब्याचं झाकण लावलं.

महेश्वरीनं कॅमेरा खाली घेतला. मेनू, तिसरं पान, एक बटण. तिला बघावंही लागलं नाही.

तिनं कॅमेरा पुन्हा डोळ्याला लावला. चौकट नवरीवरून उठली, दोनशे डोक्यांवरून मागं गेली आणि खांबाशेजारी जाऊन जांभळी झाली.

"गुरुजी," महेश्वरी मोठ्यानं म्हणाली, "दोन मिनिटं थांबा. कॅमेरा अडलाय."

गुरुजींनी घड्याळाकडं बघितलं. बायनाबाई बोहल्याच्या काठावर आल्या.

"कालबी अडला, आजबी अडला. अप्पा असते तर असं झालं नसतं."

"अप्पा असताना आई नवरीशेजारी उभी असायची, आत्याबाई. काल ती मागं होती म्हणून काल बिघडला." तिनं शांतपणे कॅमेरा बायनाबाईंपुढं धरला, त्या पडद्यावर पुसट झालेली अपेक्षा दिसावी असा. "हा अप्पांचा कॅमेरा. आई शेजारी नसली की हा नवरीला धरत नाही. तुम्हीच बघा."

बायनाबाईंनी बघितलं. नवरी खरंच पुसट होती.

महेश्वरीला समोर बालाजीचा चेहरा दिसत होता. एक बटण होतं, बंद केलंय, पक्कं, हे तिचं कालचं बोलणं त्याला शब्द न् शब्द आठवत असणार. तीन महिने सगळ्यांशी भांडून जो कॅमेरा तिनं भरवशाचा ठरवला, त्यालाच ती भर मांडवात अडेल ठरवत होती. बालाजीनं व्हिडिओचा दांडा या हातातून त्या हातात घेतला.

"खरंय," तो म्हणाला. "त्याला काकूंची सवय हाय. लय वर्षांची."

कुणीतरी हसलं. कुणीतरी यंत्राच्या नावानं काहीतरी पुटपुटलं. बायनाबाईंनी मागच्या ओळीकडं बघितलं, मग सरकलेल्या पदराकडं, मग गुरुजींच्या हातातल्या घड्याळाकडं.

"मग बलवा की त्यायला," त्या म्हणाल्या. "मुहूर्त थांबतोय होय तुमच्या कॅमेऱ्यासाठी?"

उमादेवी उठल्या. खुर्च्यांच्या मधून येताना त्यांनी एकदा लेकीकडं बघितलं. घरी गेल्यावर हिशेब होणार, अशी ती नजर होती. अपेक्षानं कोपर अंगाशी घेतलं आणि आपल्या उजव्या बाजूला एका माणसापुरती जागा केली.

उमादेवींनी डब्यातली पिन पुन्हा ओठांत धरली, पदराच्या निऱ्या बोटांनी सारख्या केल्या, ओठांतली पिन काढली, जरीच्या आतून अशी लावली की बाहेर टोक दिसू नये. हार सरळ केला. मुंडावळी कानावरून पुढं घेतली. आणि मग, कुणी न सांगता, त्यांचे पाय आपोआप सरकले, नवरीच्या खांद्याला खांदा, ना पुढं ना मागं, आणि त्यांनी तोंड कॅमेऱ्याकडं केलं.

अंतरपाट धरला गेला. अक्षतांच्या मुठी वर झाल्या.

चौकट खांबाशेजारून निघाली, बोहल्यावर आली आणि जांभळी होऊन थांबली. महेश्वरीला अप्पांची सोडलेली जागा माहीत होती, कडेला चार बोटं, रेघ ओढण्यापुरती. ती दोन पावलं उजवीकडं सरकली. दोघींना मधोमध घेतलं, इतकं जवळ की उद्या कुणी कापू म्हटलं तरी कापायला जागा राहू नये, आणि बटण दाबलं.